जमात रचायची तर आधी डोंगर रचा!

होस्टेलवर फँटसी लिहिणारे बरेच आहेत. पण त्यांच्या जमाती कशा? एक शूर, एक हुशार, एक दुष्ट. संपलं! मी मेढ्याचा. आमच्या जावळीच्या दाट रानात १६५९ साली अफझलखानाची फौज कोंडीत सापडली. पण ह्याच डोंगरात शेती जेमतेम, म्हणून घरोघरची माणसं मुंबईला ओझी उचलायला गेली. बळ आणि उणीव एकाच मातीतली! टॉल्किनचे ड्वार्फ म्हणूनच खरे वाटतात: खाणकामात पटाईत, आणि हावेपोटी फार खोल खणूनच मोरियात बालरॉगला जागं करतात. तेव्हा आधी जमातीचा डोंगर, पाऊस, भाकरी ठरवा. गुणदोष मागून येतील. नाहीतर ‘घाटी म्हणजे अडाणी’ म्हणणाऱ्यात आणि आपल्यात फरक काय?