जोडायला सोपे, सांभाळायला अवघड

एखादी वस्तू इंटरनेटला जोडणे हे काम आता केवळ अभियंत्यांचे राहिलेले नाही. इटलीतील इव्रेआ येथे २००५ मध्ये तयार झालेल्या ‘आर्डुइनो’ या सर्किट बोर्डामुळे विद्यार्थी आणि हौशी मंडळी इलेक्ट्रॉनिक्सला हात घालू लागली. २०१४ मध्ये ‘ईएसपी८२६६’ ही वायफाय असलेली अगदी स्वस्त चिप बाजारात आली. एक सेन्सर, एक चिप आणि मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही वाचता, वापरता आणि बदलता येणारे सॉफ्टवेअर, एवढ्या भांडवलावर शाळकरी मूलही दोन-चार दिवसांत खोलीचे तापमान मोबाइलवर दाखवू शकते. मात्र यंत्र पहिल्या दिवशी चालणे आणि ते वर्षभर विश्वासाने चालणे यांत मोठे अंतर आहे. यंत्राशी कोणाचे आरोग्य बांधलेले असेल, तर हे अंतर जिवावर बेतू शकते.

मधुमेहाच्या क्षेत्रात या अंतराचा अनुभव गेली दहा-बारा वर्षे येत आहे. टाइप १ मधुमेहात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. ते बाहेरून द्यावे लागते आणि मात्रा थोडी जास्त झाली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. रात्री झोपेत असे झाले की मुलाला कळत नाही आणि आईवडिलांनाही नाही. त्वचेखाली बसवलेला सेन्सर दर पाच मिनिटांनी साखर मोजू लागला, तेव्हा ही चिंता बरीच हलकी झाली. पण सुरुवातीच्या अशा एका यंत्रातील आकडा फक्त जवळच ठेवलेल्या छोट्या रिसीव्हरवर दिसत असे. मूल शाळेत आणि वडील कचेरीत असतील, तर आकडा असूनही उपयोग नव्हता.

२०१३ मध्ये जॉन कॉस्टिक या अमेरिकी अभियंत्याने आपल्या मुलाच्या रिसीव्हरमधील आकडे इंटरनेटवर पाठवण्याची युक्ती शोधली. त्यातून आणि इतर अनेकांच्या हातभारातून ‘नाइटस्काउट’ ही मुक्तस्रोत प्रणाली उभी राहिली आणि २०१४ पासून ती सर्वांना खुली झाली. सुरुवातीची जुळणी किचकट होती. रिसीव्हरला केबलने मोबाइल जोडायचा, डेटाबेसचे खाते उघडायचे, संकेतस्थळ स्वतः उभारायचे. संगणकाशी फारसा संबंध नसलेल्या पालकांनीही हे केले, कारण आधी करून बसलेल्या पालकांनी पायरीपायरीने सूचना लिहून ठेवल्या आणि अडलेल्याला मदत केली. प्रणाली सोपी होण्याची सुरुवात चिपपेक्षा या लिखाणातून झाली.

पुढे याच समुदायातून सेन्सरचे आकडे पाहून इन्सुलिन पंपाची मात्रा आपोआप कमी-जास्त करणाऱ्या प्रणाली आल्या. न्यूझीलंडमध्ये ९७ रुग्णांवर २४ आठवडे झालेली चाचणी २०२२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. मुक्तस्रोत प्रणाली वापरणाऱ्यांची साखर इतरांच्या तुलनेत दिवसाचा सुमारे १४ टक्के अधिक वेळ, म्हणजे तीन तासांहून जास्त, योग्य मर्यादेत राहिली. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच परंपरेतील ‘टाइडपूल लूप’ला मान्यता दिली. हौशी लोकांचा उद्योग म्हणून या कामाला हिणवण्याचे दिवस तेव्हाच संपले.

अडचण आली ती सांभाळण्यात. अनेक कुटुंबांचे नाइटस्काउट ‘हेरोकू’ या कंपनीच्या मोफत सर्व्हरवर चालत होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने मोफत सेवा बंद केली आणि या कुटुंबांना पैसे भरणे किंवा दुसरीकडे बिऱ्हाड हलवणे भाग पडले. आयफोनवरील ‘लूप’ची गोष्टही तशीच. पूर्वी ते तयार करायला मॅक संगणक लागे. आता ब्राउझरमधूनही ते तयार करता येते, पण या मार्गाने केलेली प्रत ९० दिवसांनी कालबाह्य होते. म्हणून ती वेळेआधी आपोआप नव्याने तयार होण्याची सोय करावी लागली. खरी सुलभता असते ती अशा सोयींमध्ये.

सुलभतेची दुसरी बाजूही आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता, एवढीच त्याची किल्ली. बसवायला सोपे म्हणून सुरक्षेची पायरी गाळली, तर घरातले यंत्र परक्याच्या हाती जाते. ‘अँड्रॉइडएपीएस’ या इन्सुलिन प्रणालीने उलटा मार्ग धरला आहे. ठरलेले टप्पे पूर्ण करून आपल्याला ती समजली आहे हे दाखवल्याशिवाय वापरणाऱ्याला इन्सुलिनचे स्वयंचलित नियंत्रण सुरूच करता येत नाही. कोणते कष्ट वाचवायचे आणि कोणते राखायचे, याचा हा विवेक आहे.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी अशी यंत्रे बनतात. तोंडी परीक्षा झाली की त्यातील बहुतेक कपाटात जातात. वायर जोडता येत नाहीत म्हणून हे होत नाही. पुढच्या वर्षी यंत्राकडे कोण बघणार, सेन्सरची अचूकता कोण तपासणार आणि सॉफ्टवेअर कोण अद्ययावत करणार, याची उत्तरे प्रकल्पात मागितली जात नाहीत. ग्रामीण आरोग्य केंद्रातील लशींच्या फ्रीजचे तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवे. त्यावर नजर ठेवणारे यंत्र बनवणे कठीण नाही. वीज गेल्यावर आणि नेटवर्क तुटल्यावर ते काय करते, चुकीचा आकडा दाखवू लागले तर कळते कसे, हे प्रश्न कठीण आहेत.

म्हणून प्रकल्पाचे गुण देताना महाविद्यालयांनी सहा महिने चाललेल्या यंत्राला नव्या यंत्राइतकेच महत्त्व द्यावे. सरकारी खरेदीत माहिती खुल्या स्वरूपात मिळण्याची आणि यंत्र दुसऱ्या कोणालाही दुरुस्त करता येण्याची अट घालावी. यंत्रासोबतच्या सूचना आरोग्यसेविकेला वाचता येतील अशा मराठीत असाव्यात. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर फुकट मिळते, पण त्याची देखभाल फुकट होत नाही. त्या देखभालीसाठी माणूस आणि पैसा आधीच ठरवून ठेवला, तर स्वस्त चिपमधून भरवशाचे यंत्र घडू शकेल.