सोडलेला मासा जगतो का?

यंदा मे महिन्यात मराठी शाळेतली आम्ही काही कुटुंबे सहलीला सँडी हुकच्या किनाऱ्यावर गेलो होतो. थालीपीठ, दहीभात, चिवडा असा सगळा सरंजाम बरोबर होता. चार-पाच उत्साही बाबा मंडळींनी गळाच्या काठ्याही आणल्या होत्या, आणि त्यात अर्थातच आम्ही होतो. त्या दिवशी जे घडले त्यावर परतताना गाडीत बरीच चर्चा झाली. ती गाडीतच विरून जाऊ नये म्हणून हा लेखनप्रपंच.

दुपारी भरतीच्या वेळी आमच्या गळाला एक मोठा स्ट्राइप्ड बास लागला. इथले लोक त्याला नुसते 'स्ट्रायपर' म्हणतात. चांगली 10 मिनिटे झटापट करून त्याला वाळूवर ओढला. मुलांनी टेप लावली. 34 इंच! न्यू जर्सीच्या समुद्रात दिवसाला माणशी एकच स्ट्रायपर ठेवता येतो, आणि तो 28 इंचांपेक्षा लहान नको व 31 इंचांच्या आत हवा. म्हणजे हा सोडणे भाग होते. आम्ही कायदा पाळणारी माणसे, सोडणारच होतो. पण आधी एक फोटो आमचा, एक मुलांचा, एक सगळ्यांचा, मग कुणाचे तरी डोळे मिटले म्हणून पुन्हा एक. तोवर मासा कोरड्या वाळूत लोळला, चार जणांच्या हातांतून फिरला. शेवटी समारंभपूर्वक पाण्यात सोडला आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या. दोन वळसे घेऊन तो पोट वर करून तरंगू लागला.

दुसऱ्या इयत्तेतल्या एका मुलीने विचारले, "पण आपण त्याला सोडला ना? मग तो मेला कसा?"

एकाही बाबाला उत्तर सुचले नाही. आमची आई सध्या अलिबागहून आमच्याकडे आली आहे. ती एवढेच म्हणाली, "खायचा नव्हता तर एवढा वेळ बाहेर ठेवलात कशाला रे?"

या दोन प्रश्नांनी आम्हाला कामाला लावले. आमचा धंदा संगणकाचा, तेव्हा आकडे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. वाचन केल्यावर आमचे जे मत झाले ते सरळच सांगतो: मासा सोडला म्हणजे आपण निर्दोष सुटलो, ही समजूत चुकीची आहे, आणि ती आपण मुलांना शिकवू नये.

आधी नियमामागचे कारण पाहू. आपल्याला वाटते, लहान मासा सोडावा हे ठीक, पण मोठा का सोडायचा? कारण मोठा स्ट्रायपर बहुधा मादी असतो. पाच-साडेपाच किलोच्या मादीच्या पोटात साडेआठ लाखांच्या आसपास अंडी असतात, तर 25 किलोच्या मादीच्या पोटात 42 लाखांच्या घरात. वसंत ऋतूत हे मासे समुद्रातून हडसन, डेलावेअर अशा नद्यांच्या गोड्या पाण्याकडे आणि दक्षिणेला चेसापीकच्या खाडीकडे अंडी घालायला जातात. आपण मे महिन्यात सँडी हुकला उभे राहतो ते त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच. गाबोळीचे नाव काढताच कोकणी माणसाच्या तोंडाला पाणी सुटते हे खरे, पण ती गाबोळी म्हणजे पुढच्या पिढीचे बियाणे आहे. बियाणे खाणारा शेतकरी कुणी पाहिला आहे का?

हे बियाणे एकदा संपत आले होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस स्ट्रायपर झपाट्याने कमी झाले. 1984 साली अमेरिकन काँग्रेसने त्यांच्यासाठी खास कायदा केला, आणि 1985 मध्ये मेरिलँडने हा मासा पकडायला पूर्ण बंदी घातली. मासे पुरेसे वाढले असे जाहीर व्हायला 1995 साल उजाडले. 10 वर्षे! यंत्राची कळ फिरवल्यावर परिणाम लगेच दिसला तर चूक लवकर सुधारता येते. इथे कळ आज फिरवायची आणि परिणाम पाहायला सहा-सात वर्षे थांबायचे, कारण 28 इंचांचा मासा व्हायला साधारण तेवढा काळ लागतो. अशा व्यवस्थेत "अजून तर भरपूर दिसतात की" हे वाक्य सर्वात धोक्याचे.

आणि ते वाक्य पुन्हा खोटे ठरले आहे. 2019 साली जाहीर झालेल्या पाहणीत स्ट्रायपर पुन्हा प्रमाणाबाहेर मारले गेल्याचे दिसले. 2020 मध्ये 28 ते 35 इंचांची मर्यादा आली. 2022 साली हौशी लोकांनी घरी नेलेले मासे आदल्या वर्षापेक्षा बरेच वाढले, म्हणून 2023 मध्ये वरची मर्यादा 31 इंचांवर आणली गेली. 2015 साली जन्मलेल्या माशांची पिढी संख्येने मोठी होती, तिला वाचवणे हा त्यामागचा हेतू. कारण मेरिलँडच्या खाडीत दरवर्षी पिल्लांची मोजणी होते, ती 1954 पासून चालू आहे, आणि 2019 पासून तिथे पिल्ले सातत्याने फार कमी सापडत आहेत.

आता सोडण्याचा हिशोब. हौशी लोक पकडलेल्या 10 स्ट्रायपरपैकी साधारण 9 सोडून देतात. शास्त्रज्ञ असे धरून चालतात की सोडलेल्या 100 पैकी 9 नंतर मरतात. कुणाच्या घशात गळ रुतलेला असतो, कुणाचे कल्ले फाटतात, कुणी नुसता दमून मरतो. मुलांनो, गणित करून पाहा. 100 मासे पकडले. 10 घरी नेले, 90 सोडले. 90 चे 9 टक्के म्हणजे सुमारे 8. म्हणजे जेवढे ताटात गेले, जवळजवळ तेवढेच 'सोडून' मारले!

याचाच पुढचा अर्थ असा. एका काकांनी सकाळी नियमात बसणारा एक मासा धरला आणि घरी जाऊन त्याचे कालवण केले. दुसऱ्या काकांनी दिवसभरात 20 धरले आणि सगळे सोडले. दुसरे काका आपण एकही मासा मारला नाही असे सांगतील आणि पहिल्यांकडे जरा तुच्छतेने पाहतील. पण सरासरीने पाहिले तर पहिल्यांनी 1 मारला आणि दुसऱ्यांनी जवळजवळ 2, आणि तेही वाया. कायदा ठेवलेला मासा मोजतो, सोडलेला मोजत नाही. तो आपला आपणच मोजायला हवा.

याचा अर्थ गळ टाकूच नये असा आम्ही काढत नाही. समुद्र, भरती-ओहोटी, माशांच्या वाटा यांची ओळख मुलांना पुस्तकातून होणार नाही. ज्यांच्या घरी मासे खात नाहीत त्यांनी तर हा सगळाच प्रकार निर्दय आहे असे म्हटले, आणि त्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण जे खातात त्यांनी नियमातला एक मासा लाज न बाळगता घ्यावा आणि नीट संपवावा, हे आमचे मत. मात्र मोठ्या, जुन्या स्ट्रायपरच्या अंगात दूषित द्रव्ये साठलेली असतात. गरोदर स्त्रिया व लहान मुलांसाठी राज्य सरकारच्या वेगळ्या सूचना आहेत, त्या आधी वाचाव्यात.

पुढच्या सहलीसाठी आमच्या सूचना अशा. पहिली, घरी न्यायचा मासा मिळाला की त्या कुटुंबाने स्ट्रायपरसाठी गळ टाकणे थांबवावे. हात शिवशिवत असतील तर पोर्गी धरावेत, त्यांची संख्या उत्तम आहे. दुसरी, आमिष लावायचे तर गोल वाकाचाच गळ वापरावा. तो घशात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, आणि स्ट्रायपरसाठी तो सक्तीचाच आहे. तिसरी, सोडायचा मासा शक्यतो पाण्यातच ठेवावा, ओल्या हातानेच धरावा आणि वाळूवर आपटू नये. फोटो निघाला तर निघाला, नाही तर नाही. चौथी, जुलै-ऑगस्टमध्ये पाणी तापते तेव्हा सोडलेले मासे जास्त दगावतात. त्या दिवसांत स्ट्रायपरच्या वाटेला जाऊ नये. आणि पाचवी, सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाने राज्याकडे करायची नोंदणी करावी. ती फुकट आहे.

यातले थांबणे आपल्याला नवे नाही. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून कोळी बांधव पुन्हा होड्या लोटतात. इथे डेलावेअर नदीत 1 एप्रिल ते 31 मे स्ट्रायपर पकडायला बंदी असते, तीही माशांच्या वंशासाठीच. 2023 साली महाराष्ट्र सरकारने पापलेटला राज्यमासा घोषित केले आणि 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेटची आहे 135 मिलिमीटर, म्हणजे साडेपाच इंचांहूनही कमी. हे आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, बाजारात तर हल्ली त्याहून लहान पाहिली आहेत. मग जरा थांबून म्हणाली, "आणि स्वस्त मिळतात म्हणून घेतलीही आहेत." आईने कबूल केले, तेव्हा आम्हीही करतो. त्या दिवशीचा मासा समुद्राने मारला नाही, आमच्या चौथ्या फोटोने मारला.

त्या मुलीला आम्ही अजून उत्तर दिलेले नाही. पुढच्या रविवारी वर्गाबाहेर गाठून खरे काय ते सांगणार आहोत. तो फोटोही घेऊन जाऊ. त्यात आम्ही सगळे हसतो आहोत, आणि मध्ये मासा आ वासून आहे. एवढे दिवस तो आम्हाला छान वाटत होता.

बाकीच्या पालकांना काय वाटते तेही कळू द्यावे. आमचे चुकत असेल तर पुढच्या अंकात जरूर खोडून काढा. संपादक बाईंनी जागा राखून ठेवण्याचे कबूल केले आहे.