ऊन फुकट आहे, विहीर नाही



सोलर पंपाबद्दल विचारणारे फोन रोज येतात. घ्यावा का? घ्यावा. मी घेतलाय, पस्तावलो नाही. पण बसवायला येणारी माणसं जे सांगत नाहीत, ते आज लिहितो.

माझं रान अंबड तालुक्यात. साडेचार एकर, त्यात दोन एकर मोसंबी, विहीर बावन्न फूट. माझ्या विहिरीपासून दीडशे पावलांवर चुलत भावाची विहीर. दोघांनीही विजेच्या जोडणीचे पैसे भरून वर्षं काढली, खांब काही आमच्या शिवारात आला नाही. मग दोघांत मिळून एक डिझेल इंजिन. बैलगाडीवर टाकायचं, आज माझ्याकडे, उद्या त्याच्याकडे. डिझेल नव्वदच्या वर. तीन तास इंजिन चाललं की पोटात गोळा यायचा, मग बंद करायचो. पिकाची तहान भागली का नाही हे नंतर.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' मध्ये दोघांनी सोबतच अर्ज केले. दहा टक्के हिस्सा भरला. डिसेंबर 2024 ला दोघांच्या रानात पाच एचपी उभे राहिले. पहिल्या दिवशी आई खुर्ची टाकून पाइपापाशी बसली होती. आवाज नाही, धूर नाही, पाणी चालू. तिला खरंच वाटेना.

आता चूक सांगतो. फुकटचं ऊन बघून मी जानेवारीत एक एकर उन्हाळी भुईमूग पेरला. डिझेलवर असतो तर पेरला असता का? स्वप्नातसुद्धा नाही. भावाने लसूणघास वाढवला. सकाळी नऊला पंप चालू, संध्याकाळी पाचला बंद, तोही सूर्य बंद करायचा, आम्ही नाही. 2024 चा पाऊस आमच्याकडे चांगला होता. तरी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पंप आपोआप थांबायला लागला. कंट्रोलरवर लाल दिवा, म्हणजे विहिरीत पाणी नाही. त्याआधीच्या सालांना विहीर एप्रिल अखेरपर्यंत दम धरायची.

मला वाटलं भाऊ माझं पाणी ओढतो. त्याला वाटलं मी ओढतो. पंधरा दिवस बोलणं बंद. एप्रिलमध्ये मोसंबीला अकरा टँकर घातले, तरी अर्ध्याहून जास्त फळ गळालं. भुईमूग गेला तो गेलाच. मे महिन्यात अवकाळी बरसला म्हणून झाडं तरी वाचली.

नंतर डोकं शांत झाल्यावर हिशोब लागला. आमच्याकडे खाली काळा पाषाण, पाणी वरच्या मुरमात आणि भेगांत. दोन्ही विहिरींचे झरे एकाच पट्ट्यातले. आधी इंजिन एक होतं, त्यामुळे एक विहीर उपसली जायची तेव्हा दुसरी भरायची. ही पाळी कुणी ठरवली नव्हती, गरिबीने ठरवली होती. सोलर आला आणि दोन्ही विहिरी एकाच वेळी उपसायला लागलो. महागडं डिझेल आमचा मुकादम होता, तो गेला. त्याच्या जागी कुणी आलं नाही.

गेल्या दिवाळीपासून मी दोरीला दगड बांधून विहीर मोजतो. एकदा सकाळी पंप चालू व्हायच्या आधी, एकदा संध्याकाळी. फुटाफुटावर गाठी मारल्यात. वहीत लिहितो. कळलं ते असं, की मार्चमध्ये चार तास उपसा केला तर रात्रीतून पाणी परत जागेवर येतं. सहा तास केला तर सकाळी दीड-दोन फूट कमी भरतं. म्हणून आता एक वाजता पंप बंद. भावाला वही दाखवली, त्याने दोन दिवस काही उत्तर दिलं नाही, मग स्वतःची दोरी बांधली. यंदा सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, विहिरी काठोकाठ होत्या, त्यामुळे गेल्या सालाशी तुलना बरोबर नाही हे मलाही कळतं. खरी परीक्षा कमी पावसाच्या वर्षी.

तज्ज्ञ मंडळी म्हणतील ठिबक करा. ठिबक आहेच. वाचलेल्या पाण्यावर मी भुईमूग पेरला, हीच तर गोष्ट आहे. (ठिबकवाल्यांसाठी एक: सकाळी ऊन कोवळं असतं तेव्हा प्रेशर बनत नाही, शेवटचे ड्रीपर कोरडे राहतात. नऊ ते साडेदहा एकच व्हॉल्व्ह उघडा, बाकीचे अकरानंतर.)

माझा आक्षेप योजनेच्या मापावर आहे. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. माप जमिनीचं. विहिरीची आवक किती हे अर्जावरून कसं कळणार? भूजलवाल्यांनी गावात एक दिवस येऊन विहिरी मोजल्या तर निम्म्या लोकांना लहान पंप पुरेल असं मला वाटतं.

आणि दुसरं. एक वाजता मी पंप बंद करतो तेव्हा पाच किलोवॅटच्या पाट्या दुपारभर नुसत्या तापत बसतात. दहा-बारा युनिट तरी रोज वाया. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात ढुंडी गाव आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी सौर सहकारी मंडळी काढली आणि 2016 पासून पंपातून उरलेली वीज कंपनीला विकली. तिथे पंप बंद ठेवला की पैसे मिळायचे. इथे बंद ठेवला तर शेजारी हसतो. कुसुम योजनेत ग्रीडला जोडलेल्या पंपाची तरतूद आहे, तार जवळ असलेल्यांनी ती मागावी. आमच्यासारख्या तार नसलेल्यांना निदान कडबा कुट्टी, पिठाची गिरणी चालेल असा कंट्रोलर द्यावा. दुपारी गिरणी चालली तर मी विहिरीकडे बघणार पण नाही.

आज सकाळी दोरी एकोणीस फुटांवर भिजली. काल साडेअठरावर होती. भावाला फोन केला तर तो म्हणाला, काल पाहुणे आले होते, पंप बंद करायचं राहिलं.