पडलेला दात दुधात ठेवा

करमाडहून छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय वीसेक किलोमीटरवर आहे. जालना रोडवर शेंद्र्याच्या कंपन्यांची सुट्टी झाली की तेवढ्या अंतरालाही बराच वेळ जातो. कबड्डीत किंवा दुचाकीवरून पडून मुलाचा पक्का दात मुळासकट निघाला, तर हा वेळ फार मोलाचा ठरतो. मुळावरच्या नाजूक पेशी कोरड्या राहिल्या तर तासाभरात बहुतेक मरतात, आणि मग दात पुन्हा बसवला तरी टिकण्याची आशा कमी होते. म्हणून पहिला उपचार मैदानावरच व्हायला हवा, आणि तो शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला यायलाच हवा. दात मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, माती लागली असेल तर दुधाने हलकेच धुवायचा, घासायचा नाही, आणि जागेवर बसवून मुलाला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगायचं. ते जमत नसेल तर दात थंड दुधात ठेवून निघायचं. रुमालात गुंडाळून खिशात टाकणं सगळ्यात वाईट.

शिक्षकांनी डॉक्टरकी करू नये, हा आक्षेप रास्त वाटतो. दुधाचा दात परत बसवायचा नसतो, मूल बेशुद्ध झालं किंवा उलट्या करू लागलं तर आधी मोठं रुग्णालय गाठायचं, हेही खरंच. पण पेलाभर दूध जवळ ठेवायला कुठली पदवी लागते? कृत्रिम दात बसवता येतो म्हणावं, तर वाढत्या वयात जबड्यात इम्प्लांट बसवत नाहीत. आठवीतल्या मुलीला त्यासाठी कित्येक वर्षं थांबावं लागतं. करमाडच्या शाळांनी प्रथमोपचार पेटीच्या झाकणावर या चार ओळी याच सत्रात चिकटवाव्यात.