लाल कॅलिपर आणि काळं ब्रेक ऑइल

खान्देशात नवी गाडी दारात आली की दोन प्रश्न हमखास येतात. वडीलधारी मंडळी विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" मित्रमंडळी विचारतात, "पिकअप कसा आहे, भो?" ही गाडी १०० च्या वेगावरून किती मीटरात थांबते, हा प्रश्न मी जळगावात ऐकला नाही, धुळ्यात ऐकला नाही, आणि पुण्यातल्या चकचकीत शोरूममध्येही नाही. सेल्समनला विचारून बघा एकदा. तो तुम्हाला टचस्क्रीन दाखवेल.

मग दोन-तीन वर्षांनी हाच पिकअपवाला मित्र म्हणतो, "यार, गाडी पळते भारी, पण ब्रेक कमी पडतात. बिग ब्रेक किट टाकू का?"

नको टाकूस. आज याच विषयावर भांडायचंय.

आधी कंपन्यांचा हिशोब. आपल्याकडे 'स्पोर्टी' हॅचबॅक म्हणून जे विकलं गेलं त्यात इंजिनवर खर्च झाला, स्टिकरवर झाला, सीटच्या लाल शिलाईवर झाला. मागच्या चाकाशी आल्यावर मात्र हात आखडला. २०१३ साली आलेली पोलो जीटी टीएसआय घ्या. टर्बो इंजिन, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी... आणि मागे ड्रम. २०१८ ची टियागो जेटीपी, मागे ड्रम. सुझुकीने चारही चाकांना डिस्क असलेली स्विफ्ट स्पोर्ट परदेशात विकली, आपल्याकडे आणलीच नाही. अबार्थ पुंटो (२०१५) आणि बलेनो आरएस (२०१७) यांनी चारही डिस्क दिल्या, तर त्या गाड्यांना गिऱ्हाईक मिळालं नाही! म्हणजे सगळं पाप कंपन्यांच्या माथी मारायचीही सोय नाही.

पण मागे ड्रम आहे म्हणून ब्रेक कमी पडतात, हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. जोरात ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढची चाकं करतात. मागच्यांच्या वाट्याला पाव-एक हिस्सा येतो. तेवढं काम नीट ॲडजस्ट केलेला ड्रम आरामात करतो. 'नीट ॲडजस्ट केलेला' हे शब्द महत्त्वाचे. ड्रम उघडून धूळ साफ करणं, ॲडजस्टर जाम झालाय का बघणं, सिलिंडर गळतोय का बघणं ही कामं करायला किती गॅरेजवाल्यांना वेळ असतो? पेडल खूप खाली जातं अशी तक्रार असेल तर पुष्कळदा कारण तिथेच सापडतं.

आमच्या धंद्यात एक मॅनेजर असतोच. ॲप्लिकेशन स्लो झालं की तो म्हणतो, "रॅम वाढवा." प्रोफाइल न करता, बॉटलनेक न शोधता सरळ हार्डवेअर. बिग ब्रेक किट म्हणजे तोच मॅनेजर, फक्त यावेळी क्रेडिट कार्ड तुमचं आहे.

तर चला, प्रोफाइल करू.

गाडी ब्रेकने थांबत नाही. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवतात टायर. सपाट रिकाम्या रस्त्यावर पूर्ण ताकदीने ब्रेक दाबल्यावर पायाखाली एबीएसची थरथर जाणवते ना? (एप्रिल २०१९ पासून ते प्रत्येक नव्या कारमध्ये सक्तीचं आहे, म्हणजे असायलाच हवं.) मग तुमच्या ब्रेकमध्ये ताकद पुरेशी आहे. टायरची पकड संपली म्हणूनच एबीएसला मध्ये पडावं लागलं. आता डिस्क परातीएवढी केली तरी एबीएस थोडं लवकर थरथरेल, इतकंच.

जरा आकडेमोड. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची पकड ०.८ धरा. १०० च्या वेगावरून गाडी साधारण ४९ मीटरात थांबते. टायर जुना, कडक होऊन पकड ०.६ वर आली तर लागतात ६५. फरक सोळा मीटर. पण तो मीटरमध्ये मोजूच नका. चांगल्या टायरची गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, त्याच जागी तुमची गाडी अजून ५० च्या वेगात असते. आणि हे सगळं पाय पेडलवर गेल्यानंतरचं. त्याआधी समोरचं दिसून पाय हलेपर्यंत एक सेकंद गेला तर २८ मीटर तिथेच खर्च.

जळगावचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. अंगणात उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं रबर नक्षी शाबूत असूनही कडक होतं. टायरच्या कडेला चार आकडी तारीख छापलेली असते. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. अलॉय व्हीलवर पैसे उडवणाऱ्या पब्लिकपैकी हा आकडा वाचलेले किती निघतील? उलट मोठं, जड अलॉय लावून ब्रेकचं काम आपणच वाढवून ठेवलेलं असतं.

आता माझ्या मते खरा गुन्हेगार. ब्रेक ऑइल. 'ऑइल' हे आपलं नाव, तेलाशी त्याचा काही संबंध नाही. आपल्या गाड्यांमधलं डॉट ३ किंवा डॉट ४ फ्लुइड हवेतली ओल शोषून घेतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ ची २०५ वरून १४०. फ्लुइड उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणजे तुम्ही पेडल दाबता, वाफ आकसते, आणि कॅलिपरपर्यंत काहीच पोचत नाही.

एवढी उष्णता येते कुठून? माणसांसकट १२०० किलोची गाडी १०० वरून एकदा थांबवली, की जेवढी ऊर्जा ब्रेकमध्ये जाते तेवढ्यात जवळजवळ दीड लिटर पाणी उकळीला येईल. एका ब्रेकमध्ये एवढा चहा! आता घाट घ्या. संभाजीनगरहून धुळ्याला येताना कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला येता, किंवा इंदूरहून येताना सेंधव्यानंतर बिजासनचा घाट उतरून शिरपूरकडे. २५० मीटर उतार धरला तर तीच गाडी सुमारे २९ लाख ज्यूल ऊर्जा खाली घेऊन येते. म्हणजे १०० वरून सहा वेळा थांबण्याइतकी. थोडी हवा खाईल, थोडी टायर. इंजिनाने बरीच खायला हवी, पण आपण उतारावर गाडी न्यूट्रलला टाकतो ना! पेट्रोल वाचतं म्हणे. इंजिनही बंद केलंत तर बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंत पुरतो, मग पेडल दगडासारखं. डीएसजीवाल्यांनीही गिअर 'डी'वर सोडून ब्रेक चेपत उतरू नये. हाताने खालचा गिअर घ्यायची सोय कंपनीने दिलीय, ती शोभेची नाही.

४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यात पळासनेरला एक कंटेनर ट्रक वाहनांना उडवत हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. ब्रेक निकामी झाल्याचं पोलिसांनी सांगितलं. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, आपले फ्लुइडवर. यंत्रणा वेगळी, पण तापलेला ब्रेक दोघांनाही सोडत नाही. अशी बातमी वाचून हळहळणाऱ्या आपल्यातल्या किती जणांनी स्वतःच्या गाडीचं फ्लुइड शेवटचं कधी बदललं ते पाहिलं?

गंमत म्हणजे (गंमत कसली!) हा बग गॅरेजमध्ये रिप्रोड्यूस होत नाही. घाटात पेडल मऊ पडलं, अर्ध्या तासाने थंड झाल्यावर पुन्हा टणक. मेकॅनिक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "ब्रेक तर ओके आहेत, साहेब." आणि बिलावर लिहितो, 'ब्रेक ऑइल टॉप-अप'. या टॉप-अपइतका घातक प्रकार दुसरा नाही. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतात आणि टाकीतली पातळी उतरते. ती उतरलेली पातळी हाच तुमचा वॉर्निंग मेसेज असतो. वरून भर घातली की मेसेज डिलीट, एरर तशीच. पातळी गळतीमुळे उतरली असेल तर मग बोलायलाच नको.

फ्लुइड पूर्ण बदलायला, हवा काढण्यासकट, चार जणांच्या शेवभाजीच्या बिलाच्या आसपास खर्च येतो. दर दोन वर्षांनी. त्यासोबत कॅलिपरच्या स्लाइड पिना मोकळ्या करून योग्य ग्रीस लावून घ्या. आपल्याकडच्या धुळीत त्या जाम होतात, मग एकच पॅड काम करतो आणि दुसरा बघत बसतो. पॅड बदलायचे असतील तर पॅडवर छापलेली दोन अक्षरं वाचा. पहिलं थंड असतानाची पकड सांगतं, दुसरं गरम झाल्यावरची. ई पेक्षा एफ बरा, एफ पेक्षा जी जास्त पकडतो. रेसिंगचे पॅड मात्र रस्त्यावर नकोत, ते तापल्याशिवाय चावतच नाहीत आणि कॉलनीच्या कोपऱ्यावरची म्हैस ते तापायची वाट बघत नाही. नवे पॅड बसवल्यावर ६० वरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग कमी करून ते डिस्कवर बसू द्या आणि मग थंड होऊ द्या.

एवढं सगळं करूनही ब्रेक कमी वाटत असतील, तुम्ही ट्रॅकवर जात असाल, रीमॅप करून ताकद खरोखरच वाढवली असेल, तर मोठ्या, हवा खेळणाऱ्या डिस्कचा विचार करा. उष्णता पोटात घ्यायला त्यांचा उपयोग नक्कीच आहे. पण २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध जाणाऱ्या बदलांना मनाई केलेली आहे. आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्यासमोर कोण काय बोलेल याची तयारी ठेवा.

आणि ते लाल प्लास्टिकचे कॅलिपर कव्हर! ऑनलाइन मागवायचे, मूळ कॅलिपरवर चिकटवायचे, की गाडी लांबून रेस कार दिसते. जिथे वारा लागायला हवा तिथेच झाकण. जळगाव-धुळे रस्ता टप्प्याटप्प्याने चौपदरी होत गेला तसा पारोळा-एरंडोलच्या पट्ट्यात वेग वाढला. पूर्वी हायवे नंबर सहाचे खड्डेच तुमचा वेग आवरायचे. आता १०० ची परवानगी आहे, लोक १२० ने जातात, आणि डिव्हायडरच्या फटीतून बिनदिव्याची ट्रॉली ओढत ट्रॅक्टर आजही तसाच येतो. १२० ला थांबायचं अंतर ४९ चं ७१ मीटर होतं. यात कव्हरच्या रंगाचा वाटा शून्य.

संयुक्त राष्ट्रांच्या नियमात (आर १३-एच) प्रवासी कारने १०० वरून ७० मीटरच्या आत थांबलं पाहिजे अशी अट आहे. ती किमान पात्रता झाली. गाडी प्रत्यक्षात किती मीटरात थांबते हे ब्रोशरात छापत का नाहीत? भारत एनकॅप २०२३ मध्ये आलं, गाडी आदळल्यावर काय होतं त्याचे तारे मिळू लागले. चांगलंच झालं. आदळायच्या आधीच्या त्या ४९ मीटरांना मात्र तारा नाही. आपण विचारत नाही, म्हणून ते सांगत नाहीत.

पोलोचं उत्पादन २०२२ ला थांबलं. आता जळगाव-धुळ्यात ती फिरते ती सेकंडहँड, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे. घेणारा आधी एक्झॉस्टचा आवाज ऐकतो. त्याने बॉनेट उघडून ब्रेक फ्लुइडच्या टाकीत टॉर्च मारावा. फिकट मधासारखं दिसलं तर दिसायला तरी बरं आहे, बदलल्याची तारीख मात्र मागाच. कोऱ्या चहासारखं काळं दिसलं तर किमतीत घासाघीस करा आणि घरी नेण्याआधी ते बदलून घ्या.