इसार देण्याआधी एक-चौदा बघा

बांधवांनो, १ जून ते ३१ जुलै बंदी. ट्रॉलर धक्क्याला, हंगामाचे पैसे घरात, आणि नेमके तेव्हाच दलाल जमीन दाखवायला येतात. 'उद्या दुसरा घेईल' म्हटले की आपण इसार देऊन मोकळे! माझे म्हणणे एकच, एक-चौदाचा उतारा बघितल्याशिवाय रुपयासुद्धा देऊ नका. त्यात कुळाचे नाव आहे का, इतर हक्कांत मुंडकार आहे का, ते वाचा. विकणारा लग्नाचा असेल तर नवरा-बायको दोघांची सही लागते, गोव्याचा कायदाच तसा आहे. दर्याकडची जागा सीआरझेडमध्ये किती येते तेही विचारा. सनद मिळेल हे दलालाच्या तोंडचे धरू नका. जाळे घेताना आपण गाठ न् गाठ ओढून बघतो की! उतारा समजला नाही तर सोसायटीत घेऊन या, बसून वाचू.