‘टाटाला न्या’, आणि पुढे?

मुलाला कॅन्सर निघाला की आपल्याकडचा सल्ला ठरलेला: ‘टाटाला न्या.’ युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. मुलांचा कर्करोग विरळा. वर्षाला चार-दोनच मुलं पाहणाऱ्या जिल्ह्याच्या डॉक्टरचा हात त्यात बसणार कसा? तेव्हा सगळे उपचार मुंबईत, परळच्या टाटा रुग्णालयातच व्हावेत.

निदान आणि सुरुवातीची जहाल केमो, इथवर हे पूर्ण मान्य. पण मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात आणि त्यातला मोठा काळ घरी गोळ्या घेण्याचा असतो. रोज मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, मधूनमधून रक्त तपासून डोस कमी-जास्त. एवढ्यासाठी गडचिरोलीच्या मजुराने रोजगार बुडवून हजारेक किलोमीटर यायचं? काही महिने तो येतो, मग येईनासा होतो. त्याला अडाणी ठरवून आपण मोकळे!

खरा घात तापात आहे. पांढऱ्या पेशी उतरलेल्या मुलाला ताप भरला, तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक जायला हवं. त्या घटकेला परळचं कौशल्य काय कामाचं? जवळच्या दवाखान्यात रात्रपाळीला असलेल्याने ‘केस टाटाची आहे’ म्हणून हात वर केले, की संपलं.

दुसरं टोक ‘जिल्ह्याजिल्ह्यात कॅन्सर हॉस्पिटल’ मागणाऱ्यांचं. फीत कापायला ही मागणी झकास. पण बालकर्करोगातले डॉक्टर आणि नर्स इमारतीबरोबर उगवत नाहीत, आणि तुरळक रुग्णांवर त्यांचा हात तयारही होत नाही.

मार्ग मधला आहे: एकाच मुलाचे उपचार रुग्णालयांनी वाटून घ्यावेत. त्यावर ‘आपल्याकडची रुग्णालयं एकत्र येत नाहीत’ हा आक्षेप तर निव्वळ आळसाचा. २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आज तीनशेहून अधिक संस्था आहेत; त्यातल्या २३ केंद्रांनी ४० औषधांची एकत्र खरेदी करून किमती दणकून उतरवल्या. मुंबई, दिल्ली, चंडीगड, कोलकाता, चेन्नई इथल्या केंद्रांनी मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी एकच उपचारपद्धती आखून चाचणी घेतली. औषधाच्या भावावर आणि उपचाराच्या आराखड्यावर जमतं, ते मुलाच्या फाइलवर का जमू नये?

आराखडा परळने द्यावा, मधली केमो नागपूरने सांभाळावी, गोळ्या आणि ताप गडचिरोलीने. त्यासाठी जिल्ह्याच्या डॉक्टर-नर्सला महिनाभर परळच्या वॉर्डात उभं करा. रात्री-अपरात्री त्यांचा फोन उचलणं ही मुंबईच्या डॉक्टरची मेहेरबानी न राहता पगारी ड्यूटी असू द्या. आणि जिल्ह्याच्या कपाटात तापावरची ती इंजेक्शनं कधी संपू देऊ नका.